दोन गिऱ्हाइकांमधला खेळ

दुपारचे अडीच वाजलेले असतात. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे सौदे आटोपलेले असतात, हमालांची जेवणे उरकत आलेली असतात आणि अडतीच्या पेढ्यांवर सुस्ती उतरू लागलेली असते. अशी एखादी पेढी डोळ्यांसमोर आणावी. गादीवर घरातील वडीलधारे अण्णा तक्क्याला टेकून वर्तमानपत्र चाळत आहेत. पलीकडे संगणकापाशी त्यांचे चिरंजीव सकाळच्या हिशेबपट्ट्यांची नोंद संपवून क्षणभर विसावले आहेत, आणि सुट्टी लागल्यामुळे पेढीवर आलेला नववीतला नातू वडिलांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत आहे. पडद्यावर रंगीत ठोकळे कोसळत आहेत. इतक्यात एक शेतकरी आपली पट्टी न्यायला दारात उभा राहतो.

"बसा पाव्हणं, एकच मिनिट," चिरंजीव म्हणतात. ते मिनिट चार मिनिटांचे होते. शेतकरी बाकावर बसतो, टोपी काढून पुन्हा घालतो आणि काही बोलत नाही. पट्टी घेऊन तो निघून गेल्यावर अण्णा वर्तमानपत्राची घडी करतात.

"अरे, आम्हीसुद्धा याच ओट्यावर बुद्धिबळ खेळायचो. पण गिऱ्हाईक दिसलं की वजीर मरत असला तरी हात पटावरून उचलायचो. पट कुठं पळून जात नव्हता."

"अण्णा, हा खेळ थांबत नाही हो. मधेच सोडला तर हरतो."

"मग तो विसाव्याचा खेळ नव्हे," अण्णा म्हणतात आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवतात.

या छोट्या संवादात एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. कामाच्या मध्यंतरात खेळावे की न खेळावे, हा वाद आता फारसा उरलेला नाही. घरोघरी, पेढीपेढीवर लोक खेळतातच. संगणकाच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की कोणतीही खरेदी न करता शेकडो खेळ उघडतात. प्रश्न निवडीचा आहे. हळद पारखताना जो व्यापारी कांडी मोडून आतला रंग पाहतो, त्याने दिवसातील पाच मिनिटे कोणाच्या हवाली करायची हे न पारखता ठरवावे, हे व्यापारी वृत्तीला शोभणारे नाही.

कामाच्या जागी संगणकावर खेळ शिरले, त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. १९९० साली विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ आला. माउसने चित्र उचलून दुसरीकडे नेण्याची सवय लोकांना लागावी, हाही त्यामागील एक हेतू होता. दोन वर्षांनी सुरुंग शोधण्याचा माइनस्वीपर आला. सवय लागली, पण ती केवळ माउसची राहिली नाही. २००६ साली न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी एका कार्यालयाला भेट दिली असता एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर सॉलिटेअर दिसला आणि त्या कर्मचाऱ्याची नोकरी गेली. शिक्षा योग्य होती की अतिरेकी, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. खेळणाऱ्याच्या दृष्टीने जो विसावा असतो, तो पाहणाऱ्याच्या दृष्टीने कामातील हयगय असतो. पेढीवर तर पाहणारा नेहमीच दारात असतो.

विसावा मात्र आवश्यक आहे, यात शंका नाही. दहा मिनिटांपर्यंतच्या छोट्या विश्रांतीविषयी झालेल्या २२ अभ्यास-नमुन्यांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये 'प्लॉस वन' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा विश्रांतीने थकवा कमी होतो आणि उत्साह वाढतो, असे त्यात दिसून आले. मात्र बुद्धीला फार ताण देणाऱ्या कामातून सावरण्यासाठी दहा मिनिटांहून अधिक वेळ लागू शकतो, असेही त्यात नोंदवले आहे. म्हणजे छोट्या विसाव्याकडून मोजकीच अपेक्षा ठेवावी. शिवाय सकाळपासून पडद्याकडे पाहून शिणलेल्या डोळ्यांना पुन्हा पडद्यावरच्याच खेळाने विश्रांती मिळत नाही. दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा साधा नियम खेळापूर्वी पाळावा. ज्याचे काम तोलकाट्यापाशी किंवा गोदामात उभ्याने चालते, त्याला बसून खेळलेला पाच मिनिटांचा खेळ अधिक मानवतो.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळताना मनाचा काही भाग पहिल्याच कामापाशी रेंगाळतो. संशोधिका सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये या अवस्थेला 'लक्षाचे अवशेष' अशा अर्थाचे नाव दिले. पहिले काम अर्धवट सुटले असेल तर हा रेंगाळ अधिक जाणवतो. त्या दुपारी पट्टीवरील आकडे वाचताना चिरंजिवांच्या मनात ठोकळेच पडत असतील, तर त्यात नवल नाही. आणि पट्टीतील एका शून्याची चूक म्हणजे केवळ आकड्याची चूक नसते. ज्या पेढीवर शेतकरी आपले वर्षाचे पीक विश्वासाने उतरवतो, त्या पेढीच्या पतीला तो डाग असतो.

म्हणून विसाव्याच्या खेळाची पारख तीन कसोट्यांवर करावी. खेळाला शेवट असावा. तो कोणत्याही क्षणी हातातून खाली ठेवता यावा. आणि त्याने खेळणाऱ्याकडे वेळेखेरीज काहीही मागू नये.

पहिल्या कसोटीला उतरणारे उत्तम उदाहरण म्हणजे 'वर्डल' हा शब्दखेळ. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे राहणारे संगणक अभियंता जॉश वॉर्डल यांनी शब्दकोड्यांची आवड असलेल्या आपल्या जोडीदारासाठी तो तयार केला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला केला. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर योग्य जागी असेल तर घर हिरवे होते, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळे, आणि शब्दातच नसेल तर करडे. दिवसाला एकच कोडे, आणि ते जगभरातील सर्वांना सारखेच. दुसरे हवे असेल तर उद्यापर्यंत थांबायचे. १ नोव्हेंबर २०२१ रोजी तो खेळणारे केवळ ९० जण होते. दोन महिन्यांत ती संख्या तीन लाखांवर गेली आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो खेळ विकत घेतला. खेळणाऱ्याला अधिकाधिक वेळ बांधून ठेवण्याची स्पर्धा सर्वत्र चालू असताना, दिवसातून काही मिनिटेच मागणारा खेळ इतक्या लोकांना आवडावा, ही बाब विचार करण्याजोगी आहे. पोट भरले की पान उचलावे, तसा हा खेळ स्वतःच पान उचलतो. त्याच धर्तीवर रोज एक कोडे देणारे इतर अनेक खेळ पुढे निघाले. इंग्रजीचा सराव हवा असलेल्या मुलांनाही ते उपयोगी पडतात.

शेवट असण्याची ही जाण आपल्या जुन्या खेळांत होतीच. ज्ञानचौपडीचे किंवा ज्ञानबाजीचे हाताने रंगवलेले पट आजही संग्रहांत पाहायला मिळतात. जैन परंपरेतील अशा पटांवर बहुधा ८४ घरे असतात, सद्गुणांच्या शिड्या वर नेतात, दोषांचे सर्प खाली ओढतात आणि सर्वांत वर मोक्षाचे स्थान असते. सोंगटी तिथे पोहोचली की खेळ संपला. आणखी एक घर, आणखी एक पायरी, असे अनंत आमिष त्या पटावर नव्हते.

दुसरी कसोटी खाली ठेवता येण्याची. येथे सुडोकू सरस ठरतो. जपानी नावामुळे हा खेळ जपानी वाटतो; पण त्याचे आजचे रूप अमेरिकेतील हॉवर्ड गार्न्स यांनी रचले आणि ते १९७९ मध्ये डेल प्रकाशनाच्या कोड्यांच्या मासिकात छापून आले. १९८४ पासून जपानमध्ये तो लोकप्रिय झाला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये आल्यानंतर जगभर पसरला. यात आकडे असले तरी बेरीज-वजाबाकी मुळीच नाही. म्हणून दिवसभर आकडेमोड करणाऱ्या मुनिमालाही तो भार वाटत नाही. दारात कोणी आले की पडदा जसाच्या तसा सोडावा. परतल्यावर प्रत्येक आकडा आपल्या घरात बसलेला सापडतो. मात्र निवडताना सोपी पातळी निवडावी. अवघड कोडे अर्धा तास सहज खाते आणि अर्धवट राहिले तर मनात घोळत राहते.

'२०४८' हा खेळ व्यापारी घरांना विशेष आवडेल, कारण त्यात दामदुपटीचा हिशेब आहे. सोळा घरांच्या चौकटीत बाणांच्या कळांनी ठोकळे सरकवायचे. सारखे दोन आकडे भिडले की त्यांची बेरीज होऊन एक ठोकळा बनतो. दोनाचे चार, चाराचे आठ, असे दहा वेळा दुप्पट झाले की २०४८ येतात. दुपटीची वाढ सुरुवातीला किती संथ आणि पुढे किती प्रचंड असते, हे मुलांना व्याजाच्या कोष्टकापेक्षा या खेळात लवकर उमगते. गॅब्रिएले चिरूली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने मार्च २०१४ मध्ये शनिवार-रविवारच्या सुट्टीत तो रचला आणि त्याची संपूर्ण संहिता सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. मूळ संकेतस्थळावर अर्धा डाव ब्राउझरमध्ये जपूनही राहतो.

या खेळामागे एक दुखरी बाजूही आहे. तो ज्या कल्पनेवर बेतला होता, तिचा उगम 'थ्रीज' नावाच्या खेळात होता. तो खेळ त्याच्या निर्मात्यांनी चौदा महिने घासूनपुसून घडवला होता आणि त्याचे ते दाम घेत होते. नंतर आलेल्या विनामूल्य नकलांपुढे मूळ कलाकृती झाकोळली गेली, याची खंत त्या निर्मात्यांनी जाहीरपणे व्यक्त केली. जो स्वतः माल घडवतो किंवा विकतो, त्याला ही व्यथा चटकन कळावी. शेजारच्याने आपली वाण उचलून फुकट वाटली तर कसे वाटेल? विनामूल्य खेळ जरूर खेळावेत. पण एखादा खेळ खरोखर आवडला तर त्याचा मूळ कारागीर कोण हे शोधावे आणि शक्य असल्यास त्याचे मोल द्यावे.

बुद्धिबळ हे तर भारताच्याच मातीतून जगभर गेलेले वैभव. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिला विश्वचषक जिंकल्यापासून महाराष्ट्रातील घराघरांत पट पुन्हा मांडले जाऊ लागले, तर ते स्वाभाविकच आहे. ब्राउझरमध्ये खेळण्यासाठी 'लिचेस' हे संकेतस्थळ विशेष उल्लेखनीय आहे. थिबो डुप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ फ्रान्समधील एका ना-नफा संस्थेच्या वतीने केवळ देणग्यांवर चालते. त्यावर जाहिराती नाहीत आणि पैसे भरल्याखेरीज न उघडणारा भागही नाही. पण पेढीवर बसून घड्याळ लावलेला डाव मांडू नये. समोर कुठेतरी एक खराखुरा माणूस खोळंबलेला असतो. त्याला सोडून उठावे तर त्याच्यावर अन्याय, आणि न उठावे तर दारातल्या माणसावर. त्याऐवजी रोजचे एक कोडे सोडवावे. किंवा पूर्वी पोस्टकार्डावर चालत असे तसा, एकेका चालीला एक-दोन दिवसांची मुदत असलेला डाव मांडावा. सकाळी पेढी उघडल्यावर एक चाल, आणि बाकीचा दिवस विचाराला मोकळा.

याउलट काही खेळ निर्दोष दिसूनही या कसोट्यांवर उतरत नाहीत. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी रचलेला 'टेट्रिस' ही बुद्धीची अप्रतिम निर्मिती आहे. पण त्याचे ठोकळे कोणासाठी थांबत नाहीत आणि नेहमीच्या रूपात तो हरल्याशिवाय संपत नाही. इंटरनेट बंद पडल्यावर क्रोम ब्राउझरमध्ये दिसणारा, २०१४ पासूनचा उड्या मारणारा डायनोसॉरही त्याच जातीचा. निवडुंगाला धडकेपर्यंत पळत राहायचे. त्याच्या निर्मात्यांनी गमतीने सांगितले आहे की तो खेळ पूर्ण व्हायला सुमारे १.७ कोटी वर्षे लागतील. लाइन गेली असताना एक-दोन फेऱ्या मारायला तो ठीक आहे, कारण फेरी काही सेकंदांतच संपते. पण 'आता शेवटची' असे म्हणत किती फेऱ्या होतात, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे. अनेक शाळा आणि कार्यालयांना तो बंद करण्याची सोय हवीशी वाटली आणि ती पुढे दिली गेली, यातच सारे आले.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि येथे अण्णांची पिढी आजच्या पिढीहून सावध आहे. नातवाने जेव्हा म्हटले, "आजोबा, फुकट तर आहे," तेव्हा अण्णांनी विचारले, "बाळा, दुकानदार फुकट का देतो?" व्यापाऱ्याच्या घरात या प्रश्नाचे स्पष्टीकरण करावे लागत नाही. बहुतेक विनामूल्य खेळ जाहिरातींवर चालतात, आणि तेवढे गैर नाही. पण काही संकेतस्थळांवर खेळाच्या खऱ्या कळीशेजारी तशीच दिसणारी जाहिरातीची कळ असते. काही जण सूचना पाठवण्याची परवानगी मागतात आणि ती दिली की दिवसभर पडद्यावर भलतेसलते संदेश उमटत राहतात. एखादे संकेतस्थळ खेळापूर्वी फ्लॅश प्लेअर उतरवून घ्यायला सांगू लागले, तर तिथून तत्काळ बाहेर पडावे. अडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीच संपवला आहे आणि आजचे ब्राउझर-खेळ कोणत्याही जोडसामग्रीविना चालतात. खेळ उघडण्यासाठी मोबाइल क्रमांक, ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागणारा तर खेळवणारा नव्हेच.

म्हणून पेढीवर एक नियम कटाक्षाने पाळावा. ज्या संगणकावर हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार चालतात, त्या संगणकावर कोणताही खेळ उघडू नये. गल्ल्याच्या पेटीत कोणी सोंगट्या ठेवत नाही. वेगळे यंत्र नसेल तर निदान वेगळे वापरकर्ता-खाते करावे, नोटिफिकेशनची परवानगी नाकारावी आणि दोन-तीन पारखलेल्या संकेतस्थळांचे पत्ते जतन करून तेवढेच उघडावेत. शोधत बसले की पाच मिनिटे शोधण्यातच जातात आणि पाय घसरण्याची जागाही तीच असते.

विनामूल्य खेळाच्या दारातून पैशाच्या खेळाकडे जाणारी वाट फार निसरडी आहे. आधी नाणी फुकट मिळतात, मग ती संपतात, मग थोडेसे पैसे भरून पुन्हा मिळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे म्हणवले जावोत वा नशिबाचे, त्यात मनाई केली आहे. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यांच्या जाहिराती आणि त्यांच्यासाठी पैशांची देवघेव करून देणे हेही गुन्हे ठरवले आहेत. सप्तव्यसनांत द्यूत का गणले जाते, हे या वाचकांना सांगायला नको. पण कायदा दाराबाहेर पहारा देतो. फोनचा आणि यूपीआयचा गुप्त क्रमांक मुलांच्या हाती असेल तर आतला पहारा घरानेच द्यायला हवा.

मुलांना सरसकट मनाई करून हा प्रश्न सुटत नाही. बंदी घातलेला खेळ पेढीच्या माडीवर जाऊन खेळला जातो. त्यापेक्षा निवड करायला शिकवावे. खेळ सुरू करण्यापूर्वीच तो कधी संपणार हे मुलाने सांगावे. बोलावल्यावर तो खाली ठेवता येतो का हे मोठ्यांनी एकदा हाक मारून पाहावे. हाक ऐकूनही मान वर होत नसेल, तर दोष मुलाला देण्यापूर्वी खेळ बदलून पाहावा. आणि मोठ्यांनी स्वतःलाही हीच परीक्षा लावावी.

त्या पेढीवर पुढच्या आठवड्यात कोपऱ्यातील लाकडी पेटीतून जुना पट बाहेर आला आहे. संगणकावर नातवाने बुद्धिबळाचे दिवसाचे कोडे उघडायचे आणि ते पटावर मांडायचे. तिघांनी मिळून ते सोडवायचे, असा परिपाठ ठरला आहे. आज पांढऱ्याची चाल आहे. घोडा की उंट, यावर बाप-लेकांत मतभेद आहे. इतक्यात दारात सावली पडते. तोच शेतकरी पुढच्या सौद्याचा भाव विचारायला आलेला असतो. चिरंजीव पटावरून हात उचलतात आणि उठून उभे राहतात.

"या, पाव्हणं."

शेतकरी आत येतो, पटाकडे एकवार पाहतो आणि बसता बसता म्हणतो, "घोडा हलवा की."

अण्णा मोठ्याने हसतात. पट तसाच राहतो, आणि बोलणे भावाकडे वळते.